टॉप लोड मशीन पाणी घेत बसते, धुवायला लागतच नाही : पीसीबी बदलण्याआधी काय तपासावं?

मनीषनगरकर

टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक, ६.५ किलो, सहा वर्षं जुनी. डिस्प्ले नाही, नुसते लाईट आहेत. स्टार्ट दाबलं की मागून घूंऽऽ असा आवाज येतो आणि पाणी बारीक धारेनं पडत राहतं. वीस-पंचवीस मिनिटं अशीच जातात, मग तीन लाईट लुकलुकतात, बीप वाजतो आणि सगळं थांबतं. तोवर ड्रम अर्धाही भरलेला नसतो. नुसतं स्पिन लावलं तर व्यवस्थित फिरते, पाणीही बाहेर टाकते. घर वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच्या गच्चीत. दुरुस्तीवाले मागचं झाकण न उघडताच पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला म्हणून सांगून राहिले. पीसीबीचा खर्च करण्याआधी घरच्या घरी काय पाहता येईल?

पानापक्कड

पीसीबी आत्ता नको. तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे.

स्पिन फिरतं, म्हणजे मोटर, कपॅसिटर, बेल्ट, झाकणाचा स्विच, ड्रेन मोटर आणि बोर्डाचा तेवढा भाग शाबूत आहे. व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत सोडणारी विजेची झडप, घूं करतो, म्हणजे बोर्ड व्हॉल्व्हला करंट देतोय आणि कॉइलही जिवंत आहे. उरतं ते पाणी येण्याची वाट आणि पाणी किती आलं हे मोजणारा सेन्सर. या दोन्हींत पीसीबी शेवटच्या नंबरावर येतो.

वीस-पंचवीस मिनिटांनी थांबणं हा बिघाड नाही, ती मशीनची ठरवून दिलेली मुदत आहे. तेवढ्या वेळात लेव्हल गाठली गेली नाही तर बोर्ड व्हॉल्व्ह बंद करून तक्रार देतो. नाहीतर पाइप निसटला तरी रात्रभर पाणी वाहत राहिलं असतं.

आता याच क्रमानं करा.

पहिली तपासणी बादलीची. लेव्हल ‘लो’वर ठेवा, नेहमीचा प्रोग्राम लावा, स्टार्ट करा आणि वरून बादलीनं पाणी ओता. लेव्हल आली की व्हॉल्व्हचा आवाज बंद पडून पाच-दहा सेकंदांत ड्रमच्या तळाचा पंखा डावी-उजवीकडे हलायला पाहिजे. हलला तर सेन्सर, मोटर आणि बोर्ड तिन्ही ठीक, दुखणं फक्त पाणी भरण्यात. ड्रम वरपर्यंत भरला तरी व्हॉल्व्ह घूं करतच राहिला तर सेन्सर किंवा त्याची हवेची नळी. ही एक तपासणी अर्ध्या शंका मिटवते आणि तिला एकही स्क्रू काढावा लागत नाही.

दुसरी, पाणी ओतल्यावर ड्रेन पाइपच्या तोंडाशी हात ठेवा. थेंब थेंब गळत असेल तर ड्रेन व्हॉल्व्हच्या रबरात नाणं, हेअरपिन, गुंडी असं काहीतरी अडकलंय. मग मशीन वरून घेते आणि खालून सोडते, लेव्हल कधीच होत नाही.

तिसरी, जाळी. प्लग काढा, नळ बंद करा, मशीनच्या मागे पाइपचा प्लास्टिक नट हातानं सोडवा, खाली मग धरा. व्हॉल्व्हच्या तोंडात बोटाच्या पेरापेक्षा लहान जाळी दिसेल, मधे धरायला एक टोक असतं. नाकपक्कडनं ते धरून सरळ ओढायचं, पिरगाळायचं नाही. जुन्या टूथब्रशनं घासा. पांढरा थर असेल तर कपभर गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्व टाकून अर्धा तास बुडवून ठेवा. पाइपच्या नळाकडच्या टोकातही कधी दुसरी जाळी असते, तिला लोक विसरतात. परत लावताना वायसर सपाट बसला का बघा, नट हातानं घट्ट करून वर पाव वळसा, बस. पान्यानं आवळलं तर व्हॉल्व्हचा प्लास्टिकचा आटा तडकतो.

नळजोड

पानापक्कड दादांनी क्रम बरोबर दिलाय. मी पाण्याच्या दाबाचं सांगतो, कारण “वरचा मजला, टाकी डोक्यावर” हे वाचूनच शंका आली. लोकांना वाटतं टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात. उलट आहे. दाब टाकीच्या जवळिकीवर नाही, उंचीवर ठरतो.

१० मीटर उभ्या उंचीला साधारण १ बार दाब. म्हणजे १ मीटरला ०.१ बार. तुमच्या पुस्तिकेत ‘पाण्याचा दाब’ अशी ओळ शोधा. ०.०३ मेगापास्कल लिहिलं असेल तर ते ०.३ बार, म्हणजे किमान ३ मीटर उंची हवी. ०.०५ असेल तर ५ मीटर. काही फ्रंट लोडला पूर्ण १ बार लागतो.

आता तुमचं मोजा. मशीनचा नळ जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर, स्लॅब दहा फुटांवर, वर टाकीचा ओटा फूटभर. नळापासून टाकीच्या तळापर्यंत जेमतेम अडीच मीटर. हजार लिटरची टाकी काठोकाठ असेल तर तिच्या आतल्या पाण्याची मीटरभर उंची वर मिळते आणि तुम्ही साडेतीनला पोचता. टाकी उतरली की परत अडीच. म्हणून एक विचारतो : सकाळी टाकी भरल्यावर मशीन चालते आणि दुपारी अडते, असं होतं का?

दुसरं म्हणजे या मशिनींचा व्हॉल्व्ह साध्या नळासारखा उघडत नाही. कॉइल फक्त मधलं टाचणीएवढं भोक मोकळं करते. मग वरच्या-खालच्या दाबातल्या फरकानं रबरी पडदा उचलला जातो आणि खरं पाणी वाहतं. दाब कमी असला की पडदा अर्धवट उचलतो. कॉइल घूं करते, धार मात्र सुतळीएवढी. कॉइलला दोष देऊन नवीन व्हॉल्व्ह बसवला तरी धार तेवढीच राहते.

मशीनचा पाइप नळावरून काढून १० लिटरची बादली लावा, नळ पूर्ण उघडा, घड्याळ बघा. सव्वा मिनिटात भरली तर मिनिटाला आठ लिटर पडतंय, एवढ्यावर बहुतेक मशिनी खूश असतात. दोन मिनिटांच्या वर गेलं तर रोग तिथेच आहे.

मनीषनगरकर

आज दुपारी सगळं केलं.

बादलीची तपासणी : लेव्हल लो, तीन बादल्या ओतल्या, व्हॉल्व्ह गप्प झाला आणि पंखा लगेच हलायला लागला. पुढे धुणं, खळबळणं, स्पिन सगळं झालं, फक्त खळबळण्याच्या वेळी परत बादलीनं पाणी द्यावं लागलं.
ड्रेन पाइप : कोरडा.
जाळी : अर्धी पांढऱ्या थरानं आणि बारीक वाळूनं बुजलेली होती. साफ केली.
नळाची बादली : १० लिटरला २ मिनिटं २० सेकंद.

आणि हो, सकाळी सहा-साडेसहाला मशीन चालते. अडते ती दुपारी. हे दोन एकमेकांशी जोडलेलं असेल असं डोक्यातच आलं नाही.

सक्करदऱ्याचा

भाऊ, जाळी काढूनच टाका. आमच्याकडे बोअरवाल्या बऱ्याच घरांत तसंच करतात, पाणी लगेच वाढतं.

पानापक्कड

सक्करदऱ्याचे भाऊ, हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. त्या व्हॉल्व्हच्या पडद्याखाली वाळूचा एक कण बसला तरी तो पूर्ण मिटत नाही. मग मशीन बंद असतानाही थेंब थेंब पाणी आत जात राहतं. सकाळी उठून बघावं तर ड्रम तुडुंब आणि घरात पाणी. जाळी हा अडथळा नाही, पाच मिनिटांत साफ होणारी गाळणी आहे. बोअरचं पाणी असेल तर नळ आणि पाइपच्या मधे वेगळी मोठी गाळणी बसवा, म्हणजे गाळ तिथे अडकेल आणि ती पारदर्शक असल्यानं बाहेरून दिसेल. आतली जाळी मात्र जागेवरच ठेवायची.

नागपूर शहरात पेंच-कन्हानचं पाणी येतं तिथे जाळीत बहुतेक गाळ आणि गंजाचे कण सापडतात, ब्रशनं निघतात. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या बेसा-बेलतरोडीकडच्या घरांत पांढरा क्षार बसतो, त्याला लिंबूसत्वच लागतं. बोअरवाल्यांनी दर दोन महिन्यांनी, बाकीच्यांनी सहा महिन्यांनी जाळी बघावी.

सक्करदऱ्याचा

पडद्याखाली कण बसण्याचं माहीत नव्हतं. दोन ठिकाणी जाळी परत बसवायला सांगतो.

नळजोड

मनीषनगरकर भाऊ, २ मिनिटं २० सेकंद म्हणजे मिनिटाला सव्वाचार लिटर, तेही मोकळ्या नळाला. पाइप, जाळी आणि अर्धवट उचललेल्या पडद्यातून दोनही पडत नसणार. पंचवीस मिनिटांत पन्नास लिटर झाले नाहीत की मशीन थांबते. हिशोब जुळतो.

उपाय तीन. टाकीचा ओटा चार-पाच फूट उचलणं, पण हजार लिटर म्हणजे एक टन वजन, इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्लॅबवर असं काही करू नये. दुसरा, टाकीपासून मशीनसाठी पाऊण इंची स्वतंत्र लाइन, एल्बो कमीत कमी. यानं धार वाढते, पण उंची तीच राहते, त्यामुळे टाकी उतरल्यावर काठावरच चालणार. तिसरा, टाकीतून निघणाऱ्या पाइपवर छोटा प्रेशर पंप, शंभर-सव्वाशे वॅटचा, पाणी वाहायला लागलं की आपोआप चालू होणारा. तुमच्यासाठी हाच बरा.

पंप टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपवरच. महापालिकेच्या नळाला थेट पंप लावणं बेकायदा आहे, आणि त्यानं शेजाऱ्यांचं पाणीही ओढलं जातं. पंपावर बाण असतो, तो पाणी जाण्याच्या दिशेला. दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आणि एक बायपास ठेवा, म्हणजे पंप बिघडला तरी घरचं पाणी थांबत नाही. गच्चीवर असेल तर वर पत्र्याची सावली हवीच, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन मोटरला सोसत नाही.

पंप येईपर्यंत टाकी भरल्यावर मशीन लावा आणि लेव्हल लो ठेवून कपडे निम्मेच टाका. लो लेव्हल मुदतीच्या आत गाठली जाईल.

धरमपेठची

इथेच विचारते, वेगळा धागा नको. फ्रंट लोड, ७ किलो. कपडे धुतले जातात, पण शेवटी ९ मिनिटं उरली की आकडा हलतच नाही. दार उघडत नाही आणि काचेतून खाली पाणी दिसतं. पाइप बदलला, फरक नाही.

पानापक्कड

ताई, पाणी निघत नाहीये. फ्रंट लोडला खाली पंप असतो, तो सगळं पाणी काढेपर्यंत मशीन ना स्पिन करते, ना दार सोडते.

पुढे उजवीकडे खाली एक छोटं झाकण असतं. प्लग काढा. पाणी गरम असेल तर निवू द्या. झाकणामागे बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून ताटलीत पाणी सोडत राहा, ताटली भरली की बूच लावा, रिकामी करा, परत. नळी नसेल तर जुना टॉवेल आणि उथळ ताट ठेवून गोल बूच थोडं थोडं सैल करा. एकदम काढलं तर दहा-पंधरा लिटर पाणी घरात येतं. बूच निघालं की आत नाणी, ब्राच्या तारा, टिकल्या, सुताचा गोळा, सगळं काढा. मग बॅटरीच्या उजेडात आत बघा : छोटा पंखा दिसेल, बोटानं हलवा. हा पंखा मोकळा गरगर फिरत नाही, मॅग्नेटमुळे अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरतो, ते बरोबर आहे. अजिबातच हलत नसेल तर केस किंवा दोरा गुंडाळलाय.

पंखा ठीक आणि तरी पाणी निघत नसेल तर पंपाच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावा. साधारण १२० ते २०० ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली. पंप घूं करतो पण पाणी नाही, तर ड्रम ते पंप या जाड रबरी नळीत मोजा अडकलाय का बघा, लहान मुलांचे मोजे तिथेच सापडतात.

नळजोड

ताईंनी पाइप बदललाय, तर त्याची उंचीही बघा. पंप असलेल्या मशीनचं ड्रेन पाइपचं तोंड जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटरवर हवं. जमिनीवर टाकलं तर सायफन होऊन धुतानाच पाणी निघून जातं, मशीन भरत राहते आणि पुढे सरकत नाही. पंप नसलेल्या टॉप लोडचं बरोबर उलटं : तिथे पाणी उतारानं जातं, पाइप जमिनीला लागूनच हवा, मधे कुठे उंचवटा नको. बाथरूमच्या उंबऱ्यावरून पाइप चढवला की अर्धं पाणी आतच राहतं. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की नवीन मशीनही अडते.

धरमपेठची

सुताच्या गोळ्यात एक सेफ्टी पिन आणि दोन नाणी होती. पाइप जमिनीवरच पडलेला होता, तोही वर बांधला. आकडा ९ वरून पुढे गेला, दारही उघडलं. आभार!

इतवारीवाइंडर

मोटर आणि व्होल्टेजवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. उन्हाळ्यात मशीन अडण्याचं कारण पुष्कळदा तिथे असतं.

संध्याकाळी सगळीकडे कूलर-एसी चालू झाले की काही गल्ल्यांत व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. इंडक्शन मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते : २३० ला जी ताकद, ती १८० ला जेमतेम ६१ टक्के उरते. ओल्या कपड्यांनी भरलेला ड्रम तेवढ्यात हलत नाही, मोटर नुसती घुमते आणि तापते. अशा वेळी मोटरला दोष देण्याआधी मल्टीमीटरनं सॉकेटवरचं व्होल्टेज बघा, तेही मशीन चालू असताना.

व्होल्टेज ठीक आणि तरी मोटर घुमते पण फिरत नाही, तर कपॅसिटर. ओळखायची खूण : कपडे काढून घ्या, मोटर घुमत असताना लाकडी काठीनं पंख्याला हलका धक्का द्या. त्या दिशेनं फिरायला लागला तर कपॅसिटर उतरलाय. हात घालायचा नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये धुण्याच्या मोटरला साधारण १० ते १२ मायक्रोफॅरड आणि स्पिनच्या मोटरला ४ ते ६ असतो. काही मशिनींत दोन्ही एकाच तीन तारांच्या डब्यात. जुन्यावर जो आकडा छापलाय तोच घ्या, ४४० व्होल्टचा. “थोडा मोठा घातला तर जोर वाढेल” म्हणून मोठा बसवतात, त्यानं वाइंडिंग तापून जळतं. मीटरवर छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी दाखवला की बदला. काढण्याआधी दोन टोकांवर १०० वॅटचा पिवळा बल्ब टेकवून डिस्चार्ज करा, प्लग काढलेला असला तरी कपॅसिटर झटका देतो.

स्टॅबिलायझर घ्यायचा तर टॉप लोडला १ केव्हीए चालतो. फ्रंट लोडमध्ये २००० वॅटचा हीटर असतो, तिला ३ केव्हीएच्या खाली घेऊ नका. आणि २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रंट लोड लावायची नाही. पिन वितळून काळी पडते, मग मशीन मधेच बंद-चालू होते आणि लोक परत पीसीबीवर येतात.

सक्करदऱ्याचा

डिस्प्लेवाल्यांसाठी खुणाही लिहून ठेवा ना कुणी.

पानापक्कड

नेहमी दिसणाऱ्या तेवढ्या देतो. एलजीत आय-ई म्हणजे पाणी येत नाही, ओ-ई म्हणजे जात नाही, यू-ई म्हणजे कपडे एका बाजूला, डी-ई म्हणजे दार, सी-एल हा बिघाड नाही, चाइल्ड लॉक आहे. सॅमसंगमध्ये ४सी किंवा ४ई पाणी येण्याचं, ५सी किंवा ५ई पाणी जाण्याचं. बॉशमध्ये ई-१७ येण्याचं, ई-१८ जाण्याचं.

यू-ई आली की लोक घाबरतात. एकटी चादर किंवा एकटा बाथमॅट टाकला की ती येतेच, सोबत दोन टॉवेल टाका. रोज येत असेल तर स्पिरिट लेव्हल ठेवून पाय सारखे करा आणि पायाचा चेकनट वर आवळा, तो सैल राहिला तर आठ दिवसांत पाय परत फिरतो. तरीही येते तर ड्रम हातानं खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबायला पाहिजे. झुल्यासारखा हलत राहिला तर टॉप लोडमध्ये टांगणीचे चार रॉड, फ्रंट लोडमध्ये खालचे डॅम्पर गेलेत. रॉड एकच तुटला तरी चारही बदला.

वर सेन्सरच्या नळीचा उल्लेख केला होता, तेही पूर्ण करतो. ड्रमच्या तळाशी एक हवेची कोठी, तिथून पेन्सिलीपेक्षा बारीक नळी वरच्या सेन्सरपर्यंत. पाणी चढलं की कोठीतली हवा दबते, सेन्सर तो दाब वाचतो. साबणाचा चिखल कोठीत बसला की हवा दबतच नाही, मशीन ड्रम भरून टाकते. नळीला बारीक चीर असेल तर वेगळा खेळ : लेव्हल होते, धुणं चालू होतं, हळूहळू हवा गळते, मशीनला वाटतं पाणी कमी झालं, परत भरते. साफ करताना प्लग काढून ड्रम रिकामा करा, नळी सेन्सरवरून काढा आणि ड्रमच्या बाजूला फुंका. सेन्सरकडे जोरात फुंकलं तर आतला पडदा फाटतो. नळीत पाण्याचा थेंब राहू देऊ नका, क्लिप परत लावा.

मनीषनगरकर

प्रेशर पंप बसला, बायपाससकट. मोकळ्या नळाची १० लिटरची बादली आता ५० सेकंदांत. दुपारी दोन वाजता, टाकी अर्ध्यावर असताना, हाय लेव्हल सहा मिनिटांत भरली आणि पंखा चालू झाला. लाईट लुकलुकले नाहीत. पीसीबी तोच आहे.

एकच शंका : मशीन पाणी घेत नसतानाही पंप दर काही मिनिटांनी सेकंदभर चालू होतो.

नळजोड

कुठेतरी गळतंय. फ्लशची टाकी आधी बघा : टाकीच्या पाण्यात थोडी हळद कालवा, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात पिवळं उतरलं तर खालचं रबर गेलंय. ते ठीक असेल तर एकेक नळाचा व्हॉल्व्ह बंद करत जा, ज्याच्यानंतर पंप गप्प बसेल ती लाइन. आणि मशीनचा नळ धुणं झालं की रोज बंद करा. आता त्या पाइपला पूर्वीपेक्षा जास्त दाब आहे आणि पाइप सहा वर्षं जुना आहे. वाकलेल्या जागी चिरा दिसल्या तर याच आठवड्यात बदला, येताना दोन नवे वायसरही आणा.